सफरचंद : गुण किती, गैरसमज किती?

रुग्णाच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा जुना संकेत. पूर्वी त्यासाठी मोसंबी किंवा शहाळे नेले जाई. आता ती जागा बऱ्याच अंशी सफरचंदाने घेतली आहे. रुग्णालयाच्या फाटकाबाहेरील फळांच्या गाडीवर पुढच्या रांगेत, पुसून चकचकीत करून मांडलेले फळ हेच असते. आजारातून उठलेल्याला ताकद यावी, बाळंतिणीच्या अंगात रक्त भरावे, म्हाताऱ्या माणसाला पचावे, अशा अनेक अपेक्षांनी ते प्रसंगी पदरमोड करूनही घेतले जाते. यातील काही अपेक्षा रास्त आहेत, काही निखालस चुकीच्या. चुकीच्यांपैकी एक तर अशी आहे, की तिची किंमत घरातील स्त्रीला स्वतःच्या प्रकृतीने मोजावी लागते.

सफरचंद हे गुलाबाच्या कुळातील फळ. मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजी, विशेषतः आजच्या कझाकस्तानचा प्रदेश, हे त्याचे मूळ घर मानले जाते. तेथील डोंगरउतारांवर त्याच्या रानटी पूर्वजांची झाडे आजही आहेत. भारतात हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बागा लावल्या होत्या. परंतु गोड, लाल सफरचंदाचा खरा प्रसार झाला तो सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थामुळे. १९०४मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आलेले स्टोक्स सिमल्याजवळच्या कोटगढ परिसरात स्थायिक झाले, पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले आणि १९१६च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून ‘रेड डेलिशस’ जातीची रोपे आणून तेथे लावली. गमतीचा योगायोग असा, की या जातीचे पहिले झाड अमेरिकेतील आयोवा राज्यात ज्या गावी सापडले, त्या गावाचे नाव पेरू! आज देशातील सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन जम्मू-काश्मीरचे असून त्याखालोखाल हिमाचलचा क्रमांक लागतो.

फळात नेमके असते काय?

शंभर ग्रॅम सफरचंदात सुमारे ८६ ग्रॅम पाणी असते. उरलेल्यात मुख्यतः १४ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ, त्यांपैकी १० ग्रॅम नैसर्गिक साखर. सालीसकट खाल्ल्यास २.४ ग्रॅम तंतू मिळतात. प्रथिने नि स्निग्धांश नाममात्र. उष्मांक अवघे ५२. म्हणजे मध्यम आकाराचे, साधारण १८० ग्रॅमचे एक फळ खाल्ले, तर ९५ उष्मांक आणि चार ग्रॅमहून थोडे अधिक तंतू पोटात जातात. पोट भरल्याची भावना देणारे आणि तरीही हलके, असे हे खाणे आहे.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत मात्र या फळाचा बडेजाव फारसा टिकत नाही. शंभर ग्रॅममध्ये ‘क’ जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमही भरत नाही. तेवढ्याच वजनाच्या संत्र्यात ते पन्नासच्या वर, तर पेरूत दोनशेच्या वर असते. आवळ्याची तर तुलनाच नको. सफरचंदाच्या निम्म्याहून कमी भावात गाडीवर मिळणारा पेरू ‘क’ जीवनसत्त्वात त्याच्या चाळीस-पन्नास पट सरस आहे आणि तंतूंतही दुप्पट भरतो. तरीही रुग्णाला भेटायला जाताना पेरू नेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. बियांचा त्रास हे एक कारण असेल. पण भाव कमी, म्हणून मानही कमी, हे अधिक खरे.

लोहाचा भ्रम

कापलेले सफरचंद काही मिनिटांतच तपकिरी पडते. ‘त्यात लोह भरपूर असते, ते गंजते’ असे स्पष्टीकरण घरोघरी दिले जाते आणि पंडुरोग असलेल्या मुलीला किंवा गर्भवतीला ‘रोज एक सफरचंद खा’ असा सल्ला त्यावरूनच मिळतो. हे स्पष्टीकरण साफ चूक आहे. फळ कापले, की त्याच्या पेशी फुटतात आणि आतील ‘पॉलिफिनॉल ऑक्सिडेज’ नावाच्या विकराचा हवेतील प्राणवायूशी संबंध येतो. या विकरामुळे फळातील पॉलिफिनॉल द्रव्यांचे तपकिरी रंगद्रव्यात रूपांतर होते. चिरलेले वांगे नि बटाटा काळा पडतो तोही याच प्रकाराने, आणि म्हणूनच आपल्याकडे वांग्याच्या फोडी पाण्यात टाकतात. या विकराच्या रचनेत धातू असतो खरा, पण तो लोह नव्हे, तांबे असते.

मग सफरचंदात लोह किती? शंभर ग्रॅममध्ये जेमतेम ०.१२ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०मध्ये सुचविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे. हिशेब मांडला, तर ही गरज केवळ सफरचंदांवर भागवायची म्हटल्यास दिवसाला सुमारे २४ किलो फळे खावी लागतील.

हा केवळ चेष्टेचा विषय नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रातील प्रमाणही ५४ टक्क्यांच्या घरात होते. अशा स्त्रीच्या ताटाशेजारी सफरचंदाच्या चार फोडी ठेवल्या, की घरच्यांचे समाधान होते आणि लोहाच्या गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच पडून राहते. खरे तर शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. राजगिरा, अळीव, हरभरे, पालेभाज्या, मांसाहार करणाऱ्यांसाठी कलेजी, हे सारे या बाबतीत सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहेत. जेवणात लिंबू पिळून घेतल्यास धान्य-भाज्यांतील लोह अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते शोषणात अडथळा येतो. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्यांना पर्याय म्हणून कोणतेही फळ चालत नाही.

खरा गुण सालीत

एवढे सांगितल्यावर सफरचंदावर अन्याय होऊ नये. त्याचा खरा गुण आहे तो तंतूंत आणि सालीत. त्यातील ‘पेक्टिन’ हा विद्राव्य तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. जॅम घट्ट होतो, तो याच गुणामुळे. आतड्यात तो साखरेचे शोषण मंदावतो, पित्तक्षारांना धरून ठेवतो आणि मोठ्या आतड्यातील उपकारक जीवाणूंचे खाद्य बनतो. सालीतील न विरघळणारे तंतू शौचास साफ होण्यास मदत करतात. ‘क्वेर्सेटिन’सारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्येही गरापेक्षा सालीतच अधिक असतात. साल काढून, कोर फेकून, पांढऱ्याशुभ्र फोडी बशीत मांडण्याची शहरी पद्धत म्हणजे विकत घेतलेल्या गुणांपैकी चांगला वाटा कचऱ्याच्या डब्यात टाकणे होय.

कोलेस्टेरॉलबाबतचा दावा तपासण्यासाठी इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल किंचित वाढलेल्या ४० व्यक्तींना आठ आठवडे रोज दोन सफरचंदे खाण्यास दिली. तुलनेसाठी तेवढीच साखर असलेले पेयही आळीपाळीने दिले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सफरचंदाच्या काळात एकूण व ‘वाईट’ कोलेस्टेरॉल थोडे कमी आढळले. घट अल्प होती, आणि वापरलेली जात पॉलिफिनॉलने समृद्ध अशी खास होती, हे लक्षात ठेवायला हवे. हृदयविकाराच्या गोळ्या बंद करण्याइतका हा पुरावा मुळीच नाही.

‘रोज एक सफरचंद खा, डॉक्टरला दूर ठेवा’ ही म्हण एकोणिसाव्या शतकातील वेल्समधली. तीही एकदा शास्त्राच्या कसोटीवर लागली. अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सफरचंद खाणारे लोक अधिक शिकलेले नि कमी धूम्रपान करणारे होते. हे फरक जमेस धरल्यावर त्यांच्या नि इतरांच्या डॉक्टरभेटींत लक्षणीय तफावत उरली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र त्यांना थोडी कमी लागत होती. त्यामुळे त्या म्हणीत डॉक्टरऐवजी औषधवाला घालावा काय, असा गमतीदार प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला होता.

फळ आणि रस एक नव्हेत

मधुमेहींनी सफरचंद खावे की नाही, हा नेहमीचा प्रश्न. त्याचा ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ चाळिशीच्या आत, म्हणजे कमी गटात मोडतो. त्यामुळे रक्तातील साखर हळूहळू वाढते. हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख ८७ हजार व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०१३मध्ये निष्कर्ष मांडला, तो असा : सफरचंद, द्राक्षे, ब्लूबेरी यांसारखी अख्खी फळे अधिक खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचे प्रमाण कमी, तर फळांचे रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. हा केवळ परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण त्यामागचे तर्कशास्त्र उघड आहे. रस काढताना तंतू जवळजवळ सारे निघून जातात आणि साखर तेवढी उरते. एका पेल्यासाठी दोन-तीन फळे लागतात, ती चावण्याचे श्रमही वाचतात. म्हणून मधुमेहीने एक लहान फळ, जेवणानंतर गोड म्हणून न घेता मधल्या वेळी, सालीसकट खावे. खोक्यातील रस टाळावा. वर्षाच्या आतील बाळाला तर फळांचा रस देऊच नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये स्पष्ट केले आहे.

काही रुग्णांसाठी मात्र सफरचंद हे खरोखरच सोयीचे फळ ठरते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन येते. केळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. सफरचंदात ते शंभरच्या जरा वर. डायलिसिसवरील रुग्णाला आहारतज्ज्ञ अनेकदा हेच फळ ठरावीक प्रमाणात सुचवितात, ते यामुळे. याउलट ज्यांना वारंवार गॅस, पोट फुगणे, आतड्यांची संवेदनशीलता हे त्रास आहेत, त्यांना त्यातील फ्रुक्टोज व सॉर्बिटॉल बाधू शकतात. जुलाबात उकडलेले सफरचंद देण्याची पद्धत जुनी आहे. ते द्यायला हरकत नाही, परंतु अशा वेळी जीव वाचवते ते जलसंजीवनीचे पाणी. लहान मुलांना कच्च्या, कडक फोडी देऊ नयेत. तुकडा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना वाफवून मऊ केलेले किंवा बारीक किसलेले द्यावे. बियांमध्ये ‘अमिग्डॅलिन’ हे द्रव्य असते व बिया चावल्यास त्यापासून सायनाइड तयार होते. चुकून गिळलेल्या दोन-चार अख्ख्या बियांनी काही होत नाही. मात्र कोरासकट मिक्सरमध्ये फळ फिरविण्याची सवय सोडलेली बरी.

मेणाचा थर

ग्राहकांना सर्वाधिक भीती वाटते ती चकाकीची. सुरीने खरवडले, की पांढरा थर निघतो आणि फसवणूक झाल्याची भावना होते. वास्तविक सफरचंदाच्या सालीवर निसर्गतःच मेण असते. ते पाणी टिकवून धरते. बागेतून काढल्यावर धुताना ते काहीसे निघून जाते, म्हणून व्यापारी वरून नवा थर देतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यासाठी मधमाशांचे मेण, कार्नौबा या ताडवर्गीय झाडाचे मेण किंवा लाखेपासूनचे शेलॅक वापरता येते, आणि तसे वेष्टनावर नमूद करणे बंधनकारक आहे. ही मेणे पचत नाहीत, शरीराबाहेर टाकली जातात. हातगाडीवरच्या फळाला असे वेष्टन कुठून असणार, हा प्रश्न मात्र उरतोच. खनिज तेलाचे मेण लावलेले नसेल, याची खातरजमा घरी करता येत नाही.

मेणापेक्षा फवारणीचे अवशेष हा अधिक गंभीर विषय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७मध्ये झालेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सफरचंदे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरील दोन कीडनाशकांचे अवशेष निघून गेले. नुसत्या पाण्याने तेवढा परिणाम साधला नव्हता. परंतु सालीत आधीच मुरलेला अंश सोड्यानेही निघत नाही. सोडा नसेल, तर वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे हा किमान उपाय. केवळ भीतीपोटी साल काढण्यापूर्वी तिच्याबरोबर काय जाते, हे आठवावे.

खरेदी करताना रंगाला भुलू नये. फळ हाताला जड व घट्ट लागावे, देठाजवळ सुरकुती नसावी. ताजा हंगाम साधारण जुलैअखेर हिमाचलच्या मालाने सुरू होतो आणि काश्मीरचा माल नोव्हेंबरपर्यंत येत राहतो. त्यानंतर बाजारात दिसणारी देशी सफरचंदे बहुधा शीतगृहातील असतात. प्राणवायू कमी केलेल्या थंड कोठारात ती महिनोन्‌महिने टिकतात व खाण्यास योग्यच असतात, फक्त बाहेर आल्यावर लवकर पिठूळ होतात. घरी ती शीतकपाटात, पण भाज्यांपासून वेगळी पिशवीत बांधून ठेवावीत. सफरचंदातून इथिलीन वायू बाहेर पडतो नि त्यामुळे शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. हिरवी केळी पिकवायची असतील, तर मात्र त्यांच्या पिशवीत एक सफरचंद मुद्दाम टाकावे.