गरुडावरची कोर

थैली सोडा. आतली नाणी सराफाच्या टेबलावर ओता. घाबरू नका, तो नुसता मोजतोय. तुमचे पैसे पळवणारा दुसराच आहे, त्याच्याकडे येऊ.

साल इसवी सनापूर्वी २५८. रोड्स बेटावरून दारूच्या कुंभांची खेप घेऊन तुम्ही आज सकाळीच अलेक्झांड्रियाच्या बंदरात उतरलात. पायाखालची जमीन अजून डुलल्यासारखी वाटतेय. थैलीत अलेक्झांडरच्या नावाची चांदीची नाणी आहेत, एकेक चार द्राख्मांचं. छाप्याला सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेला हेराक्लीस, काट्याला सिंहासनावर बसलेला झ्यूस. वजन सतरा ग्रॅमच्या किंचित वर. ग्रीक जगात कुठल्याही बंदरात हे नाणं डोळे झाकून घेतात.

इथे घेत नाहीत. सराफ तुमचं नाणं उचलतो, कडेवर नखाने टिचकी मारतो, कान देऊन ऐकतो आणि बाजूच्या टोपलीत टाकतो. तुमच्यापुढे सरकवतो ते वेगळंच नाणं: एका बाजूला पुढे आलेली हनुवटी आणि बाकदार नाक असलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला वज्रावर उभा गरुड. हातात घेताच कळतं. तागडी लागत नाही.

"हे हलकं आहे. माझं सतराचं होतं, हे जेमतेम सव्वाचौदाचं."

"असेल. इथं हेच चालतं."

"आणि उरलेली चांदी?"

सराफ वर बघत नाही. पुढचं नाणं उचलतो. वर त्याचा वटाव आहेच.

ग्रीक भाषेत सराफाचं नाव त्याच्या टेबलावरून पडलं. अथेन्समध्ये आजही बँकेला 'त्रापेझा' म्हणतात, म्हणजे टेबलच. या टेबलावर दर नाण्यामागे जी तीनेक ग्रॅम चांदी मागे राहते ती राजाची. राजा टॉलेमी दुसरा. त्याच्या राज्यात परकं नाणं बाजारात चालवायचं नाही. वेशीवर मोडायचं आणि इथलं हलकं घ्यायचं. तुम्ही दारू विकून गहू, पपायरस, काच काय वाटेल ते भरून न्या, पण आधी टेबलापाशी या. त्या काळी इतक्या मोठ्या मुलखावर अशी चलनाची तटबंदी घालणं सोपं नव्हतं. तीन बाजूंनी समुद्र आणि वाळवंट असल्यामुळे जमलं. मला विचाराल तर टॉलेमींनी बांधलेल्या दीपस्तंभापेक्षा ही युक्ती जास्त थोर, आणि जास्त पाजीही.

म्हणूनच पुढे इजिप्तच्या मातीतून या काळातली जी चांदी वर आली, तीत गरुडांचेच थवे. परदेशी पाहुणे विरळ. ते सगळे त्या टोपलीतून मुशीत गेले.

टोपलीमागोमाग चला. टांकसाळीत शिरताना तोंडावर धग येते. एक जण चिमट्यात तापलेली चांदीची चकती धरून ऐरणीतल्या ठशावर ठेवतो, दुसरा तिच्यावर वरचा ठसा उभा धरतो, तिसरा घण घालतो. ठण्ण. ठसा धरणाऱ्याच्या बोटांकडे बघा. एकाचं टोक चपटं झालंय. वरचा ठसा ते सरळ रेषेत धरतात, म्हणून म्हाताऱ्याचं डोकं वर असताना नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवलं तर गरुडाचंही डोकं वरच येतं. बाकीच्या ग्रीक गावांत गरुड, घुबडं, घोडे वाटेल तसे कलंडलेले सापडतात. इथे शिस्त आहे.

तो म्हातारा म्हणजे टॉलेमी पहिला, सध्याच्या राजाचा बाप. अलेक्झांडरचा सेनापती, मालक मेल्यावर त्याचं शव आणि त्याचा इजिप्त दोन्ही ताब्यात घेणारा. स्वतः जाऊन पाव शतक होत आलंय, पण चेहरा काही नाण्यावरून उतरत नाही, आणि वंश संपेपर्यंत उतरणारही नाही. चांदीवर त्याचे डोळे सुजल्यासारखे मोठे आहेत. खुशामत करायची तर कोरक्याने ती हनुवटी जरा आत ओढली असती. त्याच्या हयातीतल्या नाण्यांवर कानामागच्या केसांत 'डेल्टा' हे इवलंसं अक्षर लपलेलं असतं, बहुधा कोरक्याची सही. आजचे संग्राहक भिंग लावून आधी तो कान बघतात, मग बाकीचा राजा.

त्याची सुरुवातीची नाणी मात्र निराळी. तेव्हा तो राजा नव्हता, नुसता सुभेदार होता, म्हणून त्याने स्वतःऐवजी मेलेल्या मालकाला नाण्यावर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर सिंहाऐवजी हत्तीचं कातडं चढवलं. कपाळावर सोंड उभारलेली, बाजूला सुळे. साल इसवी सनापूर्वी ३२०च्या आसपास. झेलमकाठी पोरसाच्या हत्तींशी अलेक्झांडरची गाठ पडली ती ३२६मध्ये. म्हणजे अलेक्झांड्रियाचं भांडवल अलेक्झांडर, आणि अलेक्झांडरचा दिमाख आपल्याकडच्या हत्तीचा.

कोपऱ्यात एक गृहस्थ वैतागून पत्र सांगतोय, लेखनिक पपायरसवर उतरवून घेतोय. हा देमेत्रिओस. पत्र अपोलोनिओसला, म्हणजे राजाच्या अर्थमंत्र्याला. तक्रार अशी की परदेशी व्यापारी आणि इथलेही लोक आपलं सोनं नव्याने पाडून घ्यायला घेऊन येतात, सत्तावन्न हजार नाणी आपण पाडून परत केली, पण आणखी सोनं घ्यायची परवानगी वरून नाही. बँका घेत नाहीत, माल घ्यायला माणसं मुलखात पाठवता येत नाहीत, लोकांचं सोनं नुसतं पडून आहे, आणि ते खवळलेत. हे पत्र पुढे अपोलोनिओसचा कारभारी झेनॉन याच्या दप्तरात जाईल, फयूममधल्या एका गावात वाळूखाली बावीसशे वर्षं कोरडं राहील आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर येईल. रागावलेल्या व्यापाऱ्यांत तुम्हीही आहात. पत्रात तुमचं नाव मात्र आलेलं नाही.

निघण्याआधी सोन्याचं एक नाणं तळहातावर घ्या. पावणेअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, किंमत चांदीच्या शंभर द्राख्मा. एका बाजूला राजा आणि त्याची राणी अर्सिनोई, दुसऱ्या बाजूला त्यांचे आईबाप. 'आईबाप' हे एकवचनात समजा, कारण अर्सिनोई राजाची सख्खी बहीण. नाण्यावर लिहिलंयही तसंच: भावंडं-देव. ठेवा परत. या प्रवासातून काही आणता येत नाही.

आता नाईलने वर, म्हणजे दक्षिणेला. थीब्सला पोचायला बरेच दिवस लागतात. तुम्ही एका परिच्छेदात पोचलात.

मातीच्या विटांचं घर. उंबऱ्यात एक बाई बसली आहे आणि तिच्यापुढे कर वसूल करणारा कारकून. कर मिठाचा. मीठ तिने किती खाल्लं याच्याशी याचा संबंध नाही, माणशी पट्टी आहे ही: बाईला वर्षाला एक द्राख्मा, पुरुषाला दीड. ग्रीक अक्षरं शिकवणाऱ्या मास्तरांना माफ. तिच्या आजीने कर दिला तो धान्यात. बाजारात देवघेव व्हायची ती धान्यात किंवा धातूच्या वजनात, आणि नाणं भेटलंच तर भाडोत्री ग्रीक शिपायाच्या मुठीत. या बाईला मात्र नाणं कमवावंच लागतं, कारण कारकून दुसरं काही घेत नाही. लोकांना पैसा वापरायला लावायचा तर कर पैशात मागावा, हे टॉलेमीला कुणी शिकवावं लागलं नाही.

ती फडक्याची गाठ सोडते. चांदी नाही, ब्राँझ. असली थोराड ब्राँझ नाणी जुन्या जगात विरळाच: सगळ्यात मोठं मारी बिस्किटापेक्षा जरा लहान, पण जाड, आणि वजन नव्वद ग्रॅमच्या घरात. जात्याच्या पाळीसारखा मधोमध एक खळगा, दोन्ही बाजूंना. बहुतेक अभ्यासकांच्या मते चकती तासून गुळगुळीत करताना तिथे टोक रोवलेलं असायचं. छाप्याला मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-अम्मोन, काट्याला पुन्हा तोच गरुड. तिला विचारा, काय लिहिलंय? तिला ठाऊक नाही. अक्षरं ग्रीक. तिच्या देशाच्या नाण्यावर तिच्या लिपीतलं एक चिन्ह नाही, देव आहे तोही अर्धा उसना. कारकून खापराच्या तुकड्यावर पावती लिहून देतो. ती पावती ती जपून ठेवते, नाण्यापेक्षा जास्त जपून.

त्याच घरात थांबा, पन्नासेक वर्षं. साल २०६. वरच्या इजिप्तमध्ये बंड उठलंय. थीब्स अलेक्झांड्रियाच्या हातून निसटतंय, आणि वीस वर्षं परत येणार नाही. त्या बाईचा नातू रात्री दिवा न लावता उंबऱ्यामागची जमीन उकरतोय. गाडग्यात ब्राँझ नाणी सोडतो, आवाज होऊ नये म्हणून एकेक, हात आत घालून. वरून तिसरं नाणं नीट बसत नाही. खालच्या नाण्यावर अर्धवट कलतं, त्याची कड गरुडाच्या पंखावरून आडवी जाते. तो ते सरळ करत नाही. फडकं कोंबतो, माती लोटतो, पायाने दाबतो.

तुम्ही काही बोलू नका. तो परत येणार नाही, हे तुम्हाला कळतंय, त्याला नाही.

पुढची शतकं झरझर जाऊ द्या. गरुडांची चांदी उतरत जाते. क्लिओपात्रा सातवी ब्राँझवर स्वतःचा चेहरा आणि किंमत दोन्ही छापते, ८० आणि ४०. इसवी सनापूर्वी ३०मध्ये रोमन येतात, पण टॉलेमींची तटबंदी त्यांना इतकी आवडते की ती तशीच ठेवतात. तीनशेहून अधिक वर्षं इजिप्तला वेगळं नाणं, चांदीपेक्षा तांबंच जास्त, त्यावर ग्रीक अक्षरं आणि सम्राटाच्या राज्याचं साल. ते नाणं हद्दीबाहेर पडत नाही. म्हणून तांबड्या समुद्रातून भडोच, सोपारा, कल्याणकडे निघालेल्या जहाजांत भरतात ते रोमचे सोन्याचांदीचे दिनार. भडोचला ते बदलून नफा होतो असं 'पेरिप्लस' या जुन्या सागरी मार्गदर्शिकेचा अनामिक लेखक नमूद करतो. आपल्या किनाऱ्यावर गरुड शोधणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

गाडगं तिथंच आहे. वरच्या नाण्याचं तांबं खालच्यात उतरतंय, खालच्याचं वर. हिरवा गंज दोघांना जोडतोय.

१९००च्या आसपास कुदळ लागते. शेतकरी जुन्या वस्तीच्या टेकाडातली माती खणतोय. विरलेल्या विटांची ही माती, 'सबाख', पिकाला खत म्हणून घालतात. कुदळीने गाडगं फुटतं. संध्याकाळपर्यंत नाणी गावच्या दलालाकडे, आठवड्यात कैरोला. तिथे ती वेगवेगळ्या ताटल्यांत पडतात: बरी एकीकडे, झिजकी एकीकडे. एकमेकांना चिकटलेली ठोकून सुटी करतात. उंबरा, गाडगं, फडकं, पावतीचं खापर यांतलं काहीच त्यांच्यासोबत येत नाही.

कैरोत एक इटालियन राहतो, जोव्हान्नी दात्तारी. अलेक्झांड्रियाच्या रोमन नाण्यांची त्याची सूची १९०१मध्ये निघाली. टॉलेमींच्या नाण्यांची स्व्होरोनोसची सूची तीन वर्षांनी येऊ लागेल. दात्तारीच्या खांद्यावरून डोकवा. नाण्यावर पातळ कागद ठेवून तो पेन्सिल घासतोय, आणि कागदावर राखी रंगात एक सम्राट उमटतोय. असे हजारो. तो १९२३मध्ये जाईल, संग्रह जगभर पांगेल, आणि पुढे ते कागद पुस्तकरूपाने छापले जातील. मग एखाद्या नाण्याची चीर, उडालेली कड त्या घासलेल्या चित्राशी जुळली, की हे नाणं शंभर वर्षांपूर्वीच जमिनीबाहेर होतं हे सिद्ध होतं. आज ही गोष्ट चांदीपेक्षा मोलाची, कारण १९८३च्या कायद्याने इजिप्तमधला पुरातन वस्तूंचा खासगी व्यापार बंद झाला. त्यानंतर कुदळीने निघालेलं नाणं म्हणजे चोरीचं. 'जुना युरोपीय संग्रह' एवढंच लिहिलेली चिठ्ठी कोणी पुढे केली तर मी तरी पाकीट खिशातच ठेवतो.

१९५४ साल ओझरतं बघून घ्या. पदच्युत राजा फारूकचा संग्रह कैरोच्या कुब्बा राजवाड्यात लिलावाला निघालाय. अमेरिकेचं १९३३चं सोन्याचं 'डबल ईगल' तिथून अचानक मागे घेतलं जातं आणि सगळे त्याच गरुडाची कुजबुज करतात.

आणि आता तुमचंच टेबल. दिव्याखाली तुमचं एक ब्राँझ, रीतसर कागद असलेलं. अम्मोनची शिंगं झिजलेली, मध्ये खळगा. उलटा. गरुडाच्या पंखावरून एक बारीक कोर गेलीय, बाकीच्या हिरव्यापेक्षा फिकट, आखून काढल्यासारखी. विकणाऱ्याने तिला डाग म्हटलं होतं आणि किंमत थोडी कमी केली होती.

तुमच्या खणात तेवढ्याच मापाची आणखी दोन आहेत. एक काढता, कड त्या कोरीवर टेकवून बघता. बसत नाही. दुसरं बघता.