मुलांची डोकेदुखी आणि झोप

मूल वरचेवर डोके दुखते म्हणू लागले की पालकांना पहिली शंका येते ती चष्म्याची. डोळे तपासले जातात, नंबर निघत नाही, आणि मग ‘अभ्यास टाळायला बहाणा करतोय’ असे ठरते. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो: मूल रात्री किती वाजता झोपते, आणि त्याला झोप कशी लागते?

डोकेदुखी आणि झोप यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. झोप अपुरी झाली की मेंदूची वेदना सहन करण्याची क्षमता कमी होते. डोके दुखत असले की झोप नीट लागत नाही.

हे सर्वात स्पष्ट दिसते ते मायग्रेनमध्ये. आपण त्याला अर्धशिशी म्हणतो, पण लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा अर्धे नव्हे, संपूर्ण कपाळ दुखते. मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसा वाटतो, मूल अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. तासा-दोन तासांची झोप झाली की उठून खेळायला लागते. हे पाहून घरच्यांना ते नाटक वाटते. प्रत्यक्षात झोपेनंतर दुखणे थांबणे ही मायग्रेनची नेहमीची खूण आहे, त्यामुळे मुलावर अविश्वास दाखवू नका.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या चौथीतल्या मुलाने साडेआठला झोपायला हवे. किती घरांत हे जमते? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. किशोरवयात शरीराचे घड्याळ आपोआप पुढे सरकते, म्हणून दहावीतल्या मुलाला लवकर झोप येत नाही. तो आळस नव्हे. मात्र रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई केली, तर त्यानेही मायग्रेन उठू शकते.

तास पुरेसे असूनही झोप चांगली नसेल तर? मूल रोज घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे रात्री पाहा. टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड वाढल्याने असे होते. अशी मुले सकाळी डोके जड घेऊन उठतात आणि दिवसभर चिडचिड करतात. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. झोपेत दात खाणाऱ्या मुलांच्या कानशिलांत सकाळी दुखू शकते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: झोपण्याची व उठण्याची वेळ, डोके कधी दुखले, किती वेळ, त्या दिवशी न्याहारी झाली होती का, कोणते औषध दिले. आमच्या दृष्टीने ही वही अनेकदा स्कॅनपेक्षा उपयोगी ठरते. उठण्याची वेळ सुट्टीतही तासाभरापेक्षा जास्त बदलू देऊ नका. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बंद ठेवा, आणि संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला नको. वेदनाशामक गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त द्यावी लागत असेल तर स्वतःहून देत राहू नका. वारंवार गोळ्या घेतल्यानेही डोके दुखते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

झोपेने थांबणारी डोकेदुखी वेगळी आणि झोपेतून उठवणारी वेगळी. वेदनेने मूल रात्री जागे होत असेल, पहाटे उलट्या होत असतील, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर दुखणे वाढत असेल, एकाची दोन दिसत असतील, चालताना तोल जात असेल, तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ असेल, झटका आला असेल, मूल गुंगीत असेल किंवा दुखणे अचानक आणि अतिशय तीव्र असेल, तर थेट रुग्णालयात न्या.