रॉक मशीन ते इंडस क्रीड

सोनगीर म्हटलं की किल्ला आठवतो आणि तांब्या-पितळेची भांडी. तांबट भांडं मठारायला बसला की हातोडीचा ठेका ढळत नाही, आणि भांड्यावर उठलेल्या घावांवरून तो हात कुणाचा हे जाणकाराला कळतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गावात बसून मुंबईच्या एका रॉक बँडची वाटचाल लिहिताना मी तेच शोधतो आहे: हात कुणाचा?

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' उभं राहिलं. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. नंतर गायक म्हणून उदय बेनेगल आले. तेव्हा कॉलेजांच्या कार्यक्रमांत परदेशी बँडची गाणी जो हुबेहूब वाजवील तो मोठा. या मंडळींनीही सुरुवात तशीच केली. मग मात्र त्यांनी स्वतःची गाणी लिहून वाजवायला घेतली. धोबी तलावच्या रंगभवनात तरुणांची गर्दी पाठ असलेल्या गाण्याची वाट बघत असताना कुणी कधीच न ऐकलेलं गाणं सुरू करायचं, याला छाती लागते. पुढचे सारे मानसन्मान मला या निर्णयापुढे लहान वाटतात.

१९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये बँडचं नाव बदलून 'इंडस क्रीड' झालं. यंत्र गेलं, सिंधू नदी आली. 'प्रीटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. केबल टीव्ही घरोघर शिरत होता त्या दिवसांत आपल्या मुंबईची पोरं त्या पडद्यावर दिसली, याचं अप्रूप आजही ओसरलेलं नाही.

१९९५ मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम निघाला. पण देशात लाट होती हिंदी पॉपची. इंग्रजीत गाणी लिहिणाऱ्या बँडला बाजार छोटाच राहिला. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आल्म्स फॉर शांती' हा बँड उभा केला.

तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी, म्हणजे धाकटी पिढी. जुन्या लोकप्रिय गाण्यांवर त्यांचे कार्यक्रम सहज भरले असते. त्यांनी नवी गाणी लिहायला घेतली, आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' बाहेर आला.