दुसऱ्या उतारापलीकडे

९ जुलै १७५५ च्या दुपारी उत्तर अमेरिकेतल्या एका जंगलात ब्रिटिश राजाच्या सुमारे चौदाशे माणसांची तीन तासांत वाताहत झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ही इंग्रज-फ्रेंचांची लढाई म्हणून येते. त्या दिवसाचा एकेक तास पाहत गेलं, की हे वर्णन अपुरं वाटू लागतं. ज्या जमिनीसाठी हे दोघं भांडत होते ती तिसऱ्याची होती, आणि त्या दुपारचा निकालही त्या तिसऱ्यानंच लावला.

अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या मिळून जिथे ओहायो नदी होते, तो संगम म्हणजे आजचं पिट्सबर्ग. कॅनडा आणि लुइझियाना जोडून ठेवायचे तर फ्रेंचांना ओहायोचा जलमार्ग हवा होता. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांच्या ओहायो कंपनीला तिथली लाखो एकर जमीन विकायला हवी होती. १७५४ मध्ये फ्रेंचांनी संगमावर फोर्ट ड्यूकेन बांधला. त्यांना हुसकायला निघालेला बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन त्याच जुलैत फोर्ट नेसेसिटीला शरण आला. मग लंडननं जनरल धाडला.

मे १७५५, फोर्ट कंबरलँड

माझ्या मते घड्याळ इथून लावायला हवं.

जनरल एडवर्ड ब्रॅडॉक साठ वर्षांचा होता, त्यातली पंचेचाळीस वर्षं फौजेत गेलेली. आयर्लंडहून आणलेल्या ४४ व्या आणि ४८ व्या पायदळ पलटणी आणि वसाहतींच्या तुकड्या त्याच्या हाताखाली होत्या. सामानाला गाड्या मिळेनात, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिननं पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांकडून दीडशे गाड्या मिळवून दिल्या. मैलोन् मैल लांबलेली रांग जंगलात बाजूनं तोडली जाईल, असंही त्यानं सुचवून पाहिलं. रानटी लोकांचं भय तुमच्या कच्च्या शिपायांना असेल, राजाच्या कवायती फौजेला नाही, असं उत्तर मिळाल्याचं फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहिलं आहे.

त्याहून महागात पडलं ते शिंगासला दिलेलं उत्तर. शिंगास हा ओहायोकाठच्या डेलावेअर जमातीचा नायक. तो इंग्रजांना मदत करायला तयार होता. त्याचा प्रश्न साधा होता: फ्रेंचांना घालवल्यावर या जमिनीचं काय? इंग्रजांच्या मित्रांना इथे राहता येईल का, शिकारीपुरतं तरी रान मिळेल का? ब्रॅडॉक म्हणाला, जमीन इंग्रजांची होईल, तिचा वारसा कुणा रानटी माणसाला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी नायकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं. मग आम्ही कशासाठी लढायचं, असं म्हणून ते निघून गेले. जनरल म्हणाला, तुमची गरज नाही. ही हकिगत शिंगासनं पुढे आपल्या ताब्यातल्या एका इंग्रज कैद्याला सांगितली, म्हणून ती टिकली. ब्रॅडॉककडे उरले स्कारौआडी हा एक मूलनिवासी नायक आणि त्याचे सातआठ साथीदार. एवढ्या मोठ्या अनोळखी रानात फौजेचे डोळे म्हणून एवढीच माणसं.

जूनमध्ये कूच झालं. बेलदार पुढे झाडं तोडत, बारा फूट रुंद रस्ता काढत, आणि मागून तोफा डोंगर चढत. काही दिवस दोन-तीन मैलांच्या वर चाल होईना. शेवटी ब्रॅडॉकनं निवडक माणसं घेऊन पुढे जायचं ठरवलं आणि जड सामानासह कर्नल डनबारला मागे ठेवलं. लढाईच्या दिवसापर्यंत दोघांत चाळीसेक मैलांचं अंतर पडलं होतं.

८ जुलै, संध्याकाळ

फोर्ट ड्यूकेनमध्ये काँत्रकर हा किल्लेदार. इंग्रजांच्या तोफांपुढे लाकूडमातीचा हा किल्ला टिकणार नाही हे तो जाणून होता. कॅप्टन दानिएल द बोज्यूनं बाहेर पडून वाटेतच गाठण्याचा बेत मांडला. पण किल्ल्यातलं मनुष्यबळ थोडं. किल्ल्याबाहेर तळ देऊन असलेले योद्धे आले तरच काही होणार. ऑटवा, ओजिब्वे, पोटावाटोमी, वायंडॉट लांबच्या सरोवरांकडून आलेले, शिवाय जवळपासचे शॉनी, डेलावेअर, मिंगो. त्यांनी त्या संध्याकाळी नकार दिला. फ्रेंच त्यांचे मालक नव्हते, त्यांना हुकूम सोडता येत नव्हता. विचारावं लागत होतं.

त्याच संध्याकाळी वॉशिंग्टन ब्रॅडॉकच्या छावणीत पोचला. तो जनरलचा बिनपगारी एडीसी होता, आणि आजारपणामुळे कित्येक दिवस मागे राहिला होता. दुसऱ्या दिवशी खोगिरावर उशा बांधून तो घोड्यावर बसला.

९ जुलै, पहाटे ३ च्या सुमारास

लेफ्टनंट कर्नल थॉमस गेज तीनशे माणसं आणि दोन सहा-पौंडी तोफा घेऊन अंधारातच निघाला. मोनोंगाहेलाच्या एका काठाची वाट डोंगर आणि पाण्याच्या मधून चिंचोळी झाली होती. ती टाळायची म्हणून नदी दोनदा उतरून जायचं ठरलं होतं. तासाभरानं सर जॉन सेंट क्लेअर बेलदारांसह निघाला, उजाडल्यावर मुख्य फौज. सगळ्यांना हल्ल्याची धास्ती होती ती या दोन उतारांवर.

सकाळी ८ ते ९

इंग्रज पहिला उतार ओलांडत होते. दहाएक मैलांवर बोज्यू प्रार्थना आटोपून पुन्हा योद्ध्यांपुढे उभा राहिला. मी जातोच आहे, तुम्ही मला एकट्याला जाऊ देणार का, असं तो म्हणाला, अशी फ्रेंच हकिगत आहे. या वेळी होकार आला. जेम्स स्मिथ नावाचा अठरा वर्षांचा पोरगा काही दिवसांपूर्वी पकडला जाऊन किल्ल्यात होता. मार खाऊन तो काठी टेकत चालत होता. दरवाजाशी दारूगोळ्याची पिंपं उघडी ठेवलेली, योद्धे हवी तेवढी दारू आणि गोळ्या भरून घेताहेत आणि रांगेनं रानात नाहीसे होताहेत, हे त्यानं पाहिलं. नऊशेच्या आत माणसं, त्यांत सहाशेच्या वर मूलनिवासी. ब्रॅडॉकपाशी याच्या दीडपट माणसं होती.

दुपारी १

गेज दुसरा उतार कधीच ओलांडून गेला होता. पलीकडचा काठ उंच, उभा. तोफा-गाड्यांसाठी तो खणून उतरता करण्यात वेळ गेला. मग मुख्य फौज ढोल-बासऱ्यांच्या गजरात, निशाणं फडकवत, गुडघाभर पाण्यातून पार झाली. उतारावर कुणीच आडवं आलं नाही, तेव्हा माणसांच्या छातीवरचा दगड उतरला. संध्याकाळपर्यंत किल्ल्याचे धमाके ऐकू येतील, फ्रेंच स्वतःच तो उडवून पळतील, असं बोललं जाऊ लागलं.

बोज्यूचा बेत नदीवरच गाठायचा होता. कालचा नकार आणि सकाळची मनधरणी यांत त्याला उशीर झाला.

इथे एक गैरसमज खोडून काढावासा वाटतो. या लढाईला सर्रास दबा धरून केलेला हल्ला म्हणतात. आपल्या मनात लगेच उंबरखिंड उभी राहते: १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला खिंडीत पुरता शिरू दिलं आणि मग दोन्ही तोंडं बंद केली. मोनोंगाहेलाच्या काठी असं काही ठरलेलं नव्हतं. दोन फौजा एकाच पायवाटेवर समोरासमोर आदळल्या, आणि दोघीही चकित झाल्या. म्हणूनच पुढच्या पाव तासात कुणी काय केलं याला इतकं महत्त्व आहे.

दुपारी १ ते २ च्या दरम्यान

पुढे गेलेल्या वाटाड्यांनी आणि इंजिनिअर हॅरी गॉर्डननं झाडांमधून धावत येणारी माणसं पाहिली. सर्वांत पुढे मूलनिवासी पेहरावातला एक अधिकारी, गळ्यात फ्रेंच अधिकाऱ्याची चंद्रकोरीसारखी चकती. त्यानं टोपी हलवून दोन्ही बाजूंना खूण केली. हाच बोज्यू.

गेजच्या माणसांनी फैरी झाडल्या. अंतर जास्त होतं, तरी तिसऱ्या फैरीत बोज्यू जागीच ठार झाला. कॅनडाचे बरेच शिपाई पळत सुटले. इंग्रजांनी जयघोष केला. त्या क्षणी लढाई ते जिंकत होते, आणि युरोपातल्या कुठल्याही मैदानावर ती तिथेच संपली असती.

योद्धे पळाले नाहीत. ते फाकले. फैरींची वाट सोडून ते दोन्ही बगलांना झाडांत शिरले आणि अर्धचंद्रात इंग्रजांच्या रांगेच्या कडेनं पळत मागे मागे गेले. उजव्या हाताची टेकडी त्यांनी घेतली. ती ताब्यात ठेवायला ब्रॅडॉकच्या फौजेनं माणसं पाठवलीच नव्हती. आधीच्या प्रत्येक मुक्कामावर टेकड्या तपासण्याची त्यांची शिस्त होती, ती नदी पार झाल्यावर सैल पडली. मेलेल्या बोज्यूची जागा कॅप्टन द्युमानं घेतली आणि उरलेल्या फ्रेंचांना सावरून समोरून मारा चालू ठेवला.

दुपारी २ नंतर

गेजची आघाडी मागे रेटली गेली. ती मागून येणाऱ्या बेलदारांत घुसली. दोन्ही मिळून मागे आल्या, आणि गोळीबार ऐकून ब्रॅडॉकनं पुढे काढलेल्या मुख्य तुकड्यांवर आदळल्या. या एका धडकेत पलटणींची विल्हेवाट लागली. कोणाचा कप्तान कोण हे कळेना. बारा फुटी रस्त्याच्या आसपास हजारावर माणसं, दहा-वीस ओळी खोल, लाल डगल्यांचा एकच घोळका. समोर फक्त धूर आणि झाडं. दिवसभरात एकही शत्रू नीट दिसला नाही, असं कित्येकांनी नंतर सांगितलं.

व्हर्जिनियाचे शिपाई झाडांमागे गेले आणि योद्ध्यांसारखेच लढू लागले. त्यांच्या बंदुकांचा धूर पाहून मागच्या कवायती फौजेनं त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. कॅप्टन वॅगनरच्या तुकडीनं टेकडीकडे जाऊन चांगली जागा धरली होती, तीही आपल्याच गोळ्यांनी मोडली. ब्रॅडॉक घोडा फिरवत, झाडाआड गेलेल्यांना तलवारीच्या पात्यानं मारत बाहेर काढत होता. चार घोडे त्याच्याखाली पडले. तो भ्याला नाही, आणि त्याच्या शौर्याबद्दल कुणीही शंका घेतलेली नाही. पण त्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या नोकरीनं त्याला रांग नीट करणं एवढंच शिकवलं होतं, आणि जी रांग तो करू पाहत होता ती शत्रूला हवीच होती.

सर पीटर हॅल्केट, ४४ व्या पलटणीचा कर्नल, पडला. त्याला उचलायला गेलेला मुलगा त्याच्या अंगावरच कोसळला. जनरलचा सचिव विल्यम शर्ली डोक्यात गोळी लागून गेला. ऑर्म आणि मॉरिस हे दोन्ही एडीसी जखमी झाले. उरला वॉशिंग्टन: दोन घोडे गेले, कोटातून चार गोळ्या आरपार झाल्या, अंगावर ओरखडा नाही.

दुपारी ४ नंतर

ब्रॅडॉकला गोळी लागली. दंडातून शिरून फुप्फुसात गेली. तो पडल्यावर जो काही धीर होता तो सुटला. माणसं बंदुका टाकून नदीकडे धावली. गाडीवानांनी घोड्यांचे पट्टे कापले आणि त्यांवर बसून पळाले. त्यांत डॅनियल बून नावाचा वीसेक वर्षांचा तरुण होता, पुढे केंटकीच्या वसाहतींमुळे जो प्रसिद्ध झाला.

ऐंशीहून अधिक अधिकाऱ्यांपैकी साठच्या वर मेले किंवा जखमी झाले. साडेचारशेच्या आसपास माणसं ठार, जवळजवळ तेवढीच जखमी. फौजेबरोबर स्वयंपाक-धुणं करणाऱ्या बायकाही होत्या. त्यांतल्या मोजक्याच परतल्या. समोरच्या बाजूचे मेलेले चाळीसच्या आत.

योद्धे नदी ओलांडून मागे लागले नाहीत. मैदानावर तोफा, घोडे, कपडे, पैसे पडले होते. लुटीत जनरलची कागदांची पेटीही सापडली. तिच्यात मोहिमेचे बेत होते, आणि रॉबर्ट स्टोबोनं काढलेला फोर्ट ड्यूकेनचा नकाशा होता. स्टोबो फोर्ट नेसेसिटीनंतर फ्रेंचांकडे ओलीस होता. नकाशा त्यानं किल्ल्यातून चोरून धाडला होता. त्या कागदांवरून पुढे माँट्रिऑलमध्ये त्याला देहदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही.

सूर्यास्त

जेम्स स्मिथनं विजयी माणसं परतताना पाहिली. मग दहाबारा कैदी, उघडे, हात मागे बांधलेले. नदीकाठी त्यांना जाळून मारलं गेलं. तो ते पाहू शकला नाही, आत निघून गेला. हा भाग गाळून शिंगासच्या बाजूचा न्याय सांगता येणार नाही.

रात्र

जखमी ब्रॅडॉकनं वॉशिंग्टनला डनबारकडे पिटाळलं. चाळीस मैल, आजारी अंगानं, रात्रभर. दाट अंधारात वाटाडे मधूनमधून उतरून हातांनी चाचपत रस्ता शोधत होते, आणि वाटेवर पडलेले जखमी मदतीसाठी ओरडत होते. तीस वर्षांनी लिहितानाही वॉशिंग्टनच्या कानांतून ते ओरडणं गेलं नव्हतं.

१३ जुलै

डनबारच्या छावणीत दारूगोळा आणि गाड्या नष्ट करून फौज मागे फिरली. वाटेत ब्रॅडॉक वारला. कुणी प्रेत उकरू नये म्हणून त्याला रस्त्याच्या मधोमध पुरलं आणि सगळी फौज, गाड्यांसकट, त्यावरून नेली. डनबार भर उन्हाळ्यात हिवाळी तळासाठी फिलाडेल्फियाला निघून गेला. त्या शरद ऋतूत शिंगासच्या टोळ्या पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरची गावं जाळत होत्या, आणि ब्रॅडॉकनं तोडलेला रस्ता त्यांना आयता मिळाला होता.

या लढाईनंतर इंग्रज-फ्रेंच युद्ध रीतसर जाहीर व्हायला दहा महिने गेले. ते आपल्यापर्यंतही आलं: १७६१ च्या जानेवारीत ज्या आठवड्यात पानिपत झालं, त्याच आठवड्यात इंग्रजांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतली.

फोर्ट ड्यूकेन इंग्रजांच्या हाती लागला तो १७५८ च्या नोव्हेंबरात, आणि तोही जिंकून नव्हे. ऑक्टोबरात ईस्टन इथे त्यांनी मूलनिवासींना वचन दिलं की डोंगरांपलीकडच्या जमिनीवर आम्ही वस्ती करणार नाही. शिंगासला तीन वर्षांपूर्वी हवं होतं ते हेच. त्यावर ओहायोच्या जमाती बाजूला झाल्या. एकटे पडलेले फ्रेंच किल्ला जाळून निघून गेले. मग त्याच संगमावर इंग्रजांनी कितीतरी मोठा फोर्ट पिट बांधला. १७६३ मध्ये डेलावेअर आणि इतर जमातींनी त्याला वेढा घातला. जूनमध्ये बोलणी करायला आलेल्या दोन डेलावेअर माणसांना किल्ल्यातल्या देवीच्या रुग्णांची दोन कांबळी आणि एक रुमाल भेट दिला गेला. रुग्णालयाला त्यांच्या बदली नवी कांबळी द्यावी लागली, आणि तो खर्च एका व्यापाऱ्यानं हिशेबात लावलेला आहे.