हलकी पानं आणि पुरंदरचा तह

मंडळी, आमच्या घराण्याला पत्त्यांचा नाद आहे हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. त्यामुळे इतिहासात पोकर आणलं म्हणून रागावू नका. या खेळात शेवटी टेबलावरची पाच पानं सगळ्यांना दिसतात, हातातली दोन फक्त आपल्याला. उघडी पानं समोरच्याला फळणारी दिसत असतील आणि आपल्याकडे एखादी किरकोळ जोडी असेल, तर शहाणा खेळाडू बोली वाढवत नाही. थोडक्यात निभावतो, नाहीतर पानं टाकून उरलेले पैसे वाचवतो.

मला यावरून १६६५ साल आठवतं. मार्चमध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्यात आले. दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. एप्रिलमध्ये शेजारचा वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी देशपांडे लढताना कामी आले. मोगली तुकड्या मुलूख उद्ध्वस्त करत फिरत होत्या. ही झाली सर्वांना दिसणारी पानं! पुरंदर पडेपर्यंत महाराज अडून बसले असते, तर तहात बोलायला हातात फारसं काही उरलं नसतं.

जूनमध्ये ते स्वतः जयसिंगांना भेटले. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख गेला. १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राहिला. आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे मोगली मनसब घ्यावी लागली. बाप म्हणून ही गोष्ट किती जड गेली असेल! पण राजगड राहिला, तोरणा राहिला, रायगड राहिला. म्हणजे गेलं ते पुष्कळ, पण राज्याचा गाभा शाबूत होता.

सावधपणे खेळलं की धोका टळतोच असं नाही. पुढच्याच वर्षी आग्र्याला जिवावरचा प्रसंग आला. तिथून सुटून आल्यावरही महाराजांनी लगेच तलवार उपसली नाही, तीनेक वर्षं घडी बसवली. मग १६७० मध्ये पानं फिरली. फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर परत आला. त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी मोगलांकडून त्र्यंबकगड घेतला आणि १६७२ मध्ये जव्हार. आमचं हरसूल या दोन्हींच्या मधलं, त्यामुळे हा इतिहास मला घरचा वाटतो.

आपल्याकडे लहानपणापासून तानाजी सांगतात, मुरारबाजी सांगतात, आणि ते सांगायलाच हवेत. पुरंदरचा तह मात्र खाली मान घालून, घाईघाईने उरकला जातो. मला वाटतं, कोंढाण्याची ती रात्र उगवली ती या तहात राखलेल्या १२ किल्ल्यांमुळे. माघार कुठवर घ्यायची आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे ज्याला कळतं त्याची माघार ही भीती नसते.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.