इंजिन मागे की मध्ये?

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बजाज रिक्षांवर ‘आर. ई.’ ही अक्षरे आढळतात. ती ‘रिअर इंजिन’ची, म्हणजे मागे बसवलेल्या इंजिनाची. बजाज ऑटोने मागील इंजिनाची रिक्षा १९७७ साली आणली. वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि पुढे तेथेही तीनचाकी वाहने बनू लागली. इंजिन मागे नेण्यात एक साधी भूमिती आहे. रिक्षाची तीन चाके जमिनीवर त्रिकोण आखतात. त्याचे टोक पुढे, पाया मागे. गुरुत्वमध्य पायाजवळ गेला की त्याला दोन्ही बाजूंना जास्त रुंदीचा आधार मिळतो आणि वळणावर कलंडण्याचा धोका कमी होतो. वर्गातल्या फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवता येईल अशी ही आकृती आहे.

रिक्षापुरते उत्तर मिळाले. पण चार चाकांच्या, चालवण्याच्या आनंदासाठीच बनवलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन कोठे असावे? मागच्या आसाच्याही मागे, की चालकाच्या पाठीशी, दोन्ही आसांच्या मध्ये? या वादाचे दोन धागे आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रस्त्यावरील शेंद्र्याला येऊन पोचतात. तेथे २००१ मध्ये स्कोडाच्या आणि २००७ मध्ये ऑडीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. या गाड्यांत इंजिन पुढेच होते, हे आधीच सांगितलेले बरे. आम्हाला रस आहे तो त्यांच्या पूर्वजांत.

ऑडीच्या चिन्हातील चार कड्या म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार जर्मन कंपन्या. त्या संघाचे नाव ऑटो युनियन. १९३४ साली शर्यतीत उतरलेल्या त्यांच्या गाडीचा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा होता. मर्सिडीजसारख्या प्रतिस्पर्ध्यांचे इंजिन पुढे असताना पोर्शे यांनी ते चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसवले. चालक आणि इंजिन यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी होती. टाकी रिकामी होत गेली तरी पुढच्या-मागच्या चाकांवरील वजनाचे प्रमाण फारसे बदलू नये, हा त्यामागचा हेतू. १९३६ पर्यंत या गाडीत १६ सिलिंडरचे, ६ लिटरचे, ५०० अश्वशक्तीहून अधिक ताकदीचे इंजिन आले होते. कल्पना काळाच्या पुढची होती, पण टायर अरुंद आणि मागचा आस असा की चाकांचा कल उसळीबरोबर बदलत राही. त्यात चालक पार पुढे बसलेला; मागचा भाग घसरू लागला आहे हे त्याला उशिरा कळे.

या गाडीवर हुकमत मिळवली ती बर्न्ट रोझमायर या तरुणाने. तो मोटारसायकलींच्या शर्यतीतून आला होता. पुढच्या इंजिनाच्या शर्यती गाड्यांची सवयच नसल्यामुळे त्याला काही विसरावे लागले नाही, असे म्हणतात. १९३६ चे युरोपीय अजिंक्यपद त्याने मिळवले. २८ जानेवारी १९३८ रोजी वेगाच्या विक्रमासाठी फ्रँकफुर्ट-डार्मस्टाट महामार्गावर ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाताना त्याची गाडी उलटली. बाजूने आलेला वारा हे त्याचे कारण मानले जाते. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता.

गंमत अशी की, ज्या पोर्शे यांनी शर्यतीसाठी इंजिन मध्ये आणले, त्यांनीच सामान्य माणसाच्या फोक्सवॅगन बीटलसाठी ते अगदी मागे नेले. त्यामुळे लांब दांडा वाचला, माणसांना जागा मिळाली आणि गाडी स्वस्त झाली. स्कोडानेही १९६४ साली ‘१००० एमबी’ या गाडीत हाच मार्ग धरला आणि १९८७ मध्ये पुढच्या इंजिनाची ‘फेव्हरिट’ येईपर्यंत सोडला नाही. या गाड्यांची थट्टा खूप झाली. परंतु मागच्या इंजिनाच्याच ‘१३० आरएस’ने १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत १३०० सीसी गटात पहिला क्रमांक मिळवला. भर हिवाळ्यातली, डोंगरांतली ही स्पर्धा. गाडी ओढणाऱ्या चाकांवरच इंजिनाचे वजन असेल, तर बर्फावरही त्यांची पकड टिकते.

मग बिघडते कोठे? एक मीटरची पट्टी घ्या. तिच्या मध्यबिंदूपासून दोन्हीकडे ५ सेंटीमीटरवर १००-१०० ग्रॅमची वजने बांधा. पट्टी मधोमध धरून डावी-उजवी झटकन फिरवा. आता तीच वजने ४५ सेंटीमीटरवर सरकवा आणि पुन्हा फिरवा. मनगटाला फरक लगेच कळतो. अंतर ९ पट झाले. जडत्व-आघूर्ण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वजनांपुरते ते ८१ पट झाले. फिरवणे कठीण, आणि फिरू लागल्यावर थांबवणेही तितकेच कठीण.

मागच्या इंजिनाच्या गाडीत मोठे वजन असे टोकाला असते. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांकडे सरकतो, मागच्या टायरांची पकड घटते, आणि नेमके मागेच सर्वांत जास्त केंद्रगामी बल हवे असते. शेपूट बाहेर फेकले जाते. १९६३ साली लोकांसमोर आलेल्या पोर्शे ९११ चा हाच दोष होता. कारखान्याने काही काळ पुढच्या बंपरमध्ये चक्क ओतीव लोखंडाची वजने बसवली! पुढे १९६९ च्या गाड्यांत दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले.

मध्ये इंजिन असलेली गाडी इशारा होताच वळते. १९५८ साली स्टर्लिंग मॉसने अर्जेंटिनाची शर्यत अशाच एका छोट्या कूपर गाडीतून जिंकली. १९५९ आणि १९६० ची विश्वविजेतेपदे जॅक ब्रॅबहॅमने कूपरमधूनच मिळवली. त्यानंतर पुढच्या इंजिनाच्या गाडीला फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळालेले नाही. मात्र पट्टीचा प्रयोग येथेही लागू आहे. जी गाडी पटकन वळते ती सुटलीच तर पटकन गरगरते, आणि चालकाला सावरायला फार थोडा वेळ मिळतो. ‘मध्ये’ म्हणजे सुरक्षित, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

शर्यतीपुरता निकाल लागला आहे. खुद्द पोर्शेने २०१७ च्या ‘९११ आरएसआर’ या शर्यती गाडीत इंजिन मागच्या आसाच्या पुढे आणले. रस्त्यावरच्या ९११ मध्ये मात्र ते मागेच ठेवले आहे. आनंदाचा हिशेब सेकंदांत होत नाही, हे एक कारण असावे. मागच्या इंजिनाची गाडी चालकाकडून शिस्त मागते: सरळ रस्त्यावर ब्रेक, मग वळण, आणि बाहेर पडताना निर्धास्त ॲक्सिलरेटर.

दौलताबादचा घाट चढून खुलदाबादला जायचे असेल, तर चढावर मागच्या चाकांवर पडणारा भार लक्षात घेऊन आम्ही मागच्या इंजिनाची गाडी निवडू. तोच घाट उतरताना, वळणावर अचानक एसटी समोर आली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला, तर? उतरण्यासाठी आम्हाला मधल्या इंजिनाची द्या.