लाल रंगाच्या खाली

ट्रॅक्टर लाल का असतो, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणाला पडला नव्हता. खिल्लार बैल पांढरा, ऊस हिरवा, तसा ट्रॅक्टर लाल. पण गेल्या दिवाळीनंतर गावाकडच्या शेडमधला आमचा गंजलेला बी-२७५ रंगवायला काढला, आणि रंगाच्या दुकानदाराने कार्ड पुढे सरकवून "यातला कुठला लाल?" असं विचारलं तेव्हा मी गप्प झालो. आठ-नऊ तरी लाल होते त्या कार्डावर.

तर मंडळी, आधी थोडा इतिहास. (कंटाळा आला तर खाली उतरा, पण फार खाली नको.)

अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी १९०२ साली मॅकॉर्मिक, डिअरिंग वगैरे कापणीयंत्रवाल्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. तिचे ट्रॅक्टर बरीच वर्षं करडे असत. १९३६ मध्ये कंपनीने करडा सोडून लाल घेतला. लोखंडी चाकं जाऊन रबरी टायर आले होते, ट्रॅक्टर शेतातून सडकेवर येऊ लागला होता, आणि तो लांबून दिसावा म्हणून लाल, असं त्याचं कारण सांगतात. तिकडे इंग्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसनने १९४६ पासून जो छोटा ट्रॅक्टर विकला तो मात्र पक्का करडा होता. पाच लाखांवर खपला तो, तेव्हा रंगाने काही अडत नाही म्हणा!

बी-२७५ चा जन्म इंग्लंडचाच, यॉर्कशायरमधला, १९५८ चा. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३५ अश्वशक्ती. आपल्याकडे १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. १९८५ साली मूळ अमेरिकन कंपनीनेही आपला शेतीयंत्रांचा धंदा विकून टाकला. आमच्या बॉनेटवर नाव आहे 'इंटरनॅशनल'. नाव देणारा घराण्यातून केव्हाच बाहेर पडला, पण रंग अमेरिकेतून यॉर्कशायरला, तिथून कांदिवलीला आणि तिथून प्रवरेच्या कालव्यावरच्या आमच्या शेडमध्ये येऊन राहिला तो राहिलाच.

आता कामाकडे. रंग मारणं हा सगळ्यात छोटा भाग असतो, हे ज्याने घरी एखादं कपाट रंगवलंय त्यालाही माहीत आहे. पहिले चार दिवस नुसतं डिझेल, धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश. पन्नास वर्षांचं ग्रीस आणि माती यांचा मिळून एक वेगळाच खडक तयार होतो, तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढावा लागतो. पण या ग्रीसला नावं ठेवू नयेत. डिझेलची टाकी उतरवली तेव्हा तिच्या पट्ट्याखाली, ग्रीसच्या आड, कांदिवलीचा मूळ लाल जसाच्या तसा सापडला. दोन बोटं रुंद. उन्हाने विटलेल्या बाकीच्या रंगापुढे तो इतका ताजा होता की काका म्हणाला, "हा नव्हेच." तोच होता. तो पट्टा घेऊन दुकानात गेलो आणि कार्डाचा प्रश्न सुटला.

मग पाण्यात बुडवून वॉटर पेपर. पाण्यात का, तर जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि ती धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तेही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. सत्तरच्या दशकातल्या ट्रॅक्टरवर काय थापलं असेल याचा हिशोब कुणी ठेवलाय! तेव्हा तोंडाला मास्क आणि पोरांना शेडबाहेर.

घासता घासता एक गंमत लक्षात आली. आपल्याकडचे तीन जुने लाल घ्या. गेरू, शेंदूर आणि हिंगूळ. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, मारुतीला लावतात तो. आणि हिंगूळ मुळात पाऱ्याचं संयुग. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचं ते. (बाजारात त्या नावाने हल्ली काय मिळतं ते विचारू नका.) आता लोखंडी पूल आणि जहाजं गंजू नयेत म्हणून जगभर वर्षानुवर्षं जो पहिला हात दिला जायचा तो शेंदराचाच. पुढे शिशाच्या भीतीने तो मागे पडला आणि रेड ऑक्साइड आलं. आणि रेड ऑक्साइड म्हणजे काय? गेरूचाच भाऊ, लोखंडाचं ऑक्साइड. गंजही जवळजवळ तेच! म्हणजे चार दिवस खपून गंज काढायचा आणि त्याच जातीची भुकटी तेलात कालवून पुन्हा त्याच पत्र्यावर लावायची. फरक इतकाच की गंज सच्छिद्र असतो, पाणी आणि हवा आत जाऊ देतो. तेलात बसलेला रंग त्यांना अडवतो.

पोळ्याचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या दारात १९७२ पर्यंत दोन बैलजोड्या होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी हिंगूळ, बेगड, झूल. मग बहात्तरचा दुष्काळ आला. चारा मिळेना. दोन्ही जोड्या आजोबांनी विकल्या, आणि दुष्काळ सरल्यावर ट्रॅक्टरसाठी नंबर लावला.

नंबर हा शब्द आजच्या मुलांना सांगून कळत नाही. स्कूटरसाठी आपण वर्षानुवर्षं थांबलेली माणसं, पण ट्रॅक्टरचंही तेच होतं. भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ पासून, फरिदाबादला आयशरच्या कारखान्यात. १९६१ साली साऱ्या देशात मिळून ट्रॅक्टर होते ३१ हजारांच्या आसपास. पुढे सुधारित बियाणं, खतं, विहिरींवरचे पंप आले आणि मागणी एकदम वाढली. कारखाने पुरे पडेनात म्हणून सरकारने पूर्व युरोपातून ट्रॅक्टर आणवले. शेवटी १९७१ मध्ये ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा केंद्राचा आदेशच निघाला. एवढं होऊनही हातात रोख पैसे कुणाकडे? भूविकास बँका होत्या, १९६९ नंतर राष्ट्रीयीकृत बँकाही शेतीकडे वळल्या होत्या. कर्ज मिळायचं ते जमीन गहाण टाकून. म्हणजे ज्या जमिनीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा तीच आधी लिहून द्यायची.

गावात तेव्हा टीका पुष्कळ झाली म्हणतात. आपल्याकडे हे नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरतं, या समजुतीमुळे तो खपत नव्हता. पण ट्रॅक्टरच्या बाबतीत टीका करणाऱ्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. बैल गेले तसं त्यांच्याभोवतीचं सगळं हळूहळू गेलं. फाळ पाजवणारा लोहार, जू घडवणारा सुतार, आणि आमच्याकडे बारा वर्षं औत हाकणारा सालगडी. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून दुसराच माणूस आला. त्या सालगड्याचं पुढे काय झालं, हे आज घरातल्या कुणालाही सांगता येत नाही. बैलांची नावं मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

डाव्या मडगार्डवर वॉटर पेपर फिरवताना लालाखाली हिरवा रंग निघाला. बाकी ट्रॅक्टरवर हिरवा कुठेही नाही. दीड वीत लांब, चार बोटं रुंद, ब्रशचे फराटे उमटलेला ओबडधोबड हिरवा. त्याच्या एका कडेला थोडं घासलं तर खालून पांढरी अक्षरं. पेंटरच्या हातची, वळणदार. '…कडे तारण' एवढं वाचता आलं.

काकाला काही आठवेना, तो तेव्हा लहान होता. आत्याला फोन केला. ती म्हणाली, शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी आजोबा तालुक्याहून एसटीने आले, धोतरसुद्धा बदललं नाही. विहिरीच्या इंजिनाला लावून उरलेला डबा होता, तो घेतला आणि थेट शेडमध्ये गेले. आजी चहा घेऊन गेली तो तिथेच गार झाला. वर्ष तिला सांगता येईना, पण तिचं लग्न अजून व्हायचं होतं.

मला ती अक्षरं पूर्ण उघडायची होती. तसंच ठेवून वरून पारदर्शक वॉर्निश मारू, असं मी काकाला सुचवलं. त्याला ते बिलकुल पटलं नाही. "कर्जाची जाहिरात कशाला? लाल मार आणि मोकळा हो." दोन दिवस आमचं यावर चाललं होतं, बाकीच्या पत्र्याला प्राइमरचा दुसरा हातही देऊन झाला.

निकाल आत्याने दिला. पुन्हा फोन केला तर म्हणाली, "अक्षरं त्यांनी झाकलीत, तू उघडणारा कोण? आणि हिरवा त्यांच्या हातचा आहे, तो झाकणारा तो कोण?"

तेवढ्या तुकड्यावर टेप आणि वर्तमानपत्र लावलं आणि बाकीच्यावर कांदिवलीचा लाल मारला. हवा कोरडी होती, दोन हात छान बसले. आता शेडमध्ये येणारा प्रत्येकजण मडगार्डवरच्या त्या हिरव्या डागाबद्दल विचारतो. काका सगळ्यांना सांगतो, रंग कमी पडला.